न लागलेली चाळिशी

चष्मा पडला त्यात सगळा दोष नाकाचा होता, असं कवळीवाल्या बाईंचं ठाम मत. शाळेपासून चष्म्याचं ओझं वाहून ते नाक मधोमध दबलं होतं, आणि संध्याकाळी कामावरून सुटेपर्यंत घामाने इतकं ओलं व्हायचं की त्यावर काही म्हणता काही टिकत नसे. बसस्टॉपवरच्या गर्दीत कुणाचा तरी कोपर लागला, चष्मा घसरला, आणि बाई वाकेपर्यंत त्यावर कुणाचा तरी बूट पडलासुद्धा. चाचपडल्यावर हाताला आली ती एक काडी. बाकीचा चष्मा लोकांनी पायाखाली वाटून घेतला होता.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. आठ नंबरचा चष्मा डोळ्यांवरून गेला की काय होतं, हे ज्याला चष्मा नाही त्याला सांगून कळत नाही. माणसं जातात, त्यांच्या कपड्यांचे रंग तेवढे उरतात. दिवे विरघळतात. बस म्हणजे नुसता एक मोठा लाल डाग जवळ येतो, थांबतो, आणि त्याच्या कपाळावर काय लिहिलंय ते देव जाणे. "कुठली आली हो?" असं बाईंनी शेजारच्या निळ्या रंगाला विचारलं. निळा रंग कुठलासा नंबर पुटपुटला. बाईंना तो आपलाच वाटला, त्या चढल्या, आणि उतरल्या तेव्हा शहराच्या भलत्याच टोकाला होत्या. तिकडे त्या उभ्या आयुष्यात कधी गेल्या नव्हत्या.

फोन नाकाशी धरून त्यांनी नवऱ्याचा नंबर लावला. नवरा स्वतः बस चालवतो. ड्यूटी संपवून तो न्यायला आला, आणि शेवटच्या स्टॉपच्या बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसलेल्या बायकोला पाहून आधी पोट धरून हसला.

"ड्रायव्हरची बायको, आणि चुकीच्या बसमध्ये! अगं, डेपोत कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"दाखवा हवं तितकं तोंड," बाई म्हणाल्या. "मला कुठे दिसतंय?"

तो पुन्हा हसला, आणि मग त्यांचा दंड धरून त्यांना घरी घेऊन आला. रस्त्यात प्रत्येक चढउताराला "पायरी", "खड्डा", "परत पायरी" असं म्हणत होता. बाई हसल्या नाहीत. त्यांना रडूही आलं नाही. त्या फक्त दमल्या होत्या, आणि या दमण्याचं खापर फोडायला आता चष्मा सापडला होता. घरी आल्यावर जुना, एक नंबर कमी असलेला चष्मा शोधून त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि लेकीला फोन लावला.

"घे माझी तारीख," त्या म्हणाल्या.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला. तिने मागच्या वर्षी डोळ्यांचं लेझर करून घेतलं होतं, आणि तेव्हापासून ती त्याचं इतकं कौतुक सांगायची की तिला कमिशन मिळतं की काय असं बापाला वाटे. सकाळी डोळे उघडले की पंखा दिसतो आई, पंख्याची पातीसुद्धा दिसतात! तिच्या फोनात डॉक्टरचा नंबर तयारच होता. बाईंनी हो म्हणायचाच काय तो अवकाश होता.

*

बाई स्वतः कवळी घालत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नव्या शेजाऱ्यांचा हमखास गैरसमज होतो. त्यांचे दात शाबूत आहेत. त्या कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवतात, आणि एका जिन्याच्या टोकाला असलेल्या लांबट खोलीत, प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीत बसून बाई त्यावर मेणाच्या हिरड्या चढवतात आणि एकेक दात रोवतात. अठराव्या वर्षी त्या तिथे झाडलोट करायला लागल्या होत्या. एके दिवशी कुणीतरी आलं नाही म्हणून मालकाने त्यांच्या पुढ्यात एक जबडा ठेवला. त्या दिवसापासून झाडू सुटला तो सुटलाच.

काम करताना बाई चष्मा कपाळावर सरकवत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चष्मा वर गेला की नाकापासून अर्ध्या वितीवरचं जग असं काही उघडायचं की मेणावर उमटलेल्या स्वतःच्या बोटाच्या रेघा त्यांना मोजता आल्या असत्या. त्या अर्ध्या वितीपलीकडे मात्र काही नाही. मालक नाही, घड्याळ नाही, टेबलावर साठलेला जबड्यांचा ढीग नाही. खोलीतली माणसं याला "शटर" म्हणायची. इतर दुकानांचं शटर वर गेलं की दुकान उघडतं, बाईंचं वर गेलं की बंद होतं. "बाईंचं शटर वर आहे, आत्ता हाक मारू नकोस," असं पॉलिश करणारा नव्या माणसाला बजावायचा, आणि मालकसुद्धा काही सांगायचं असेल तर चष्मा खाली येईपर्यंत दाराशी घुटमळायचा.

पण दिवसभर काही शटर वर ठेवता येत नाही. मेण काढायला साचे उकळत्या पाण्यात टाकायचे, तेव्हा चष्मा खाली घ्यावा लागायचा, आणि वाफेने तो क्षणात आंधळा व्हायचा. पुसा, घाला, पुन्हा पुसा. कानामागे काडी रुतून तिथली कातडी जाड झाली होती. घरी भाकरी असो की इस्त्री, तीच गत. बाईंचा थकवा झोपेने जाणारा राहिला नव्हता, तो हाडात मुरला होता. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे उशीजवळ हात फिरवून चष्मा शोधणं, आणि तो हाताला लागेपर्यंतचे ते दोन क्षण त्यांना रोज नव्याने वाटायचं की आता हे बस झालं.

एका गोष्टीचा मात्र त्यांना भारी अभिमान होता. त्यांना चाळिशी लागली नव्हती.

नवऱ्याला लागली होती. लांबचं त्याला घारीसारखं दिसायचं, पण चाळीस ओलांडली आणि वर्तमानपत्र त्याच्या हातातून दूर दूर सरकायला लागलं. आता हात पुरत नव्हता. चाळिशी घ्यायची त्याला लाज वाटायची, घेतली तर ती डेपोत विसरून यायचा. मग औषधाच्या पाकिटावरचं काय, लाइटबिलावरचं काय, सुईत दोरा ओवायचा तर काय, सगळ्याला हाक बायकोला. "बघ गं, काय लिहिलंय?" बाई चष्मा वर करायच्या, पाकीट नाकाशी न्यायच्या आणि धडाधड वाचून दाखवायच्या. उलट बाईंना लांबचं चष्म्यातूनही तसं बेताचंच दिसे. रस्त्यावर दोघं उभी असली की त्या विचारायच्या, "कुठली आली हो?" आणि बस वळणावरून अर्धीमुर्धी दिसली न दिसली की हा नंबर सांगून मोकळा. दोघांत मिळून डोळ्यांची एक धड जोडी आहे, असं लेक म्हणायची.

"माझ्याच वयाची आहे," नवरा लोकांना सांगायचा, "पण हिला चाळिशी नाही. जवळचं अजून कोवळ्या पोरीसारखं दिसतं." एरवी कौतुकाच्या बाबतीत हात आखडता असलेल्या माणसाचं हे एवढं एकच कौतुक होतं. बाई ते जपून होत्या.

*

डॉक्टर तरुण होता, पण घाईत नव्हता, आणि खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याने डोळ्यांत थेंब घातले, हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, बुबुळावरचा पडदा पुरेसा जाड आहे म्हणाला, लेझर करता येईल म्हणाला.

"लांबचं सगळं चष्म्याशिवाय दिसेल. जवळचं कसं दिसतं तुम्हाला?"

"जवळचं? एकदम स्वच्छ. त्याच्यावरच तर पोट आहे माझं."

"अरे वा. चाळिशी लागली नाही अजून?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीत जरा ताठ बसल्या.

"नशीबवान आहात. पण आज ना उद्या ती लागणार. मग जवळचा चष्मा घ्यावा लागेल. चालेल ना?"

"लागेल तेव्हा बघू," बाई म्हणाल्या.

चूक झाली ती इथे, आणि ती दोघांची होती. समोरची बाई डोळ्यांवर जाड चष्मा घालून बसली होती, तेव्हा ती सगळं त्यातूनच बघते असं डॉक्टर धरून चालला. आणि जवळचं बघायचं म्हणजे चष्मा कपाळावर न्यायचा, याशिवाय दुसरी काही रीत असते हे बाईंच्या गावीही नव्हतं. आपण कुठल्या पायावर जिना चढायला सुरुवात करतो, हे तरी कोण कुणाला सांगतं?

तारीख ठरली. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता.

"तुझं तू बघ," तो म्हणाला.

हे तीन शब्द बाईंनी ताटं उचलताना, भांडी लावताना आणि दिवा मालवताना मनात फिरवले, आणि दर वेळी ते जास्तच लागले. बायकोच्या डोळ्यांना यंत्र लागणार, आणि हा बाबा तुझं तू बघ म्हणतो! भीती वाटते का, विचारलं नाही. मी येऊ का बरोबर, तेही नाही. चुकीच्या बसमध्ये बसले तेव्हा हसायला मात्र पुढे. रागवायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि तो त्यांच्याकडे उरला नव्हता, म्हणून त्या तशाच झोपल्या.

*

ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीला त्या एकट्याच गेल्या. या वेळी डॉक्टरच्या आधी एका तपासणाऱ्या मुलीने त्यांना आत घेतलं. मुलगी बोलकी होती. तिने बाईंच्या नाकावर एक जड चौकट बसवली, तीत गोल काचा सरकवल्या आणि म्हणाली, "मावशी, ऑपरेशन झाल्यावर साधारण असं दिसेल. बघा बरं समोर."

बाईंनी पाहिलं. लांब व्हरांड्याच्या टोकाला एक माणूस बाकावर पेंगत होता आणि त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं. बाईंना आनंद झाला. दमलेल्या माणसाला होतो तसा तो जरा बिचकत झाला, पण झाला.

"आता हे वाचा," म्हणून मुलीने बारीक अक्षरांचं एक कार्ड हातात दिलं.

बाईंनी चौकट कपाळावर सरकवली, कार्ड नाकाशी नेलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचून दाखवलं. खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

मुलगी हसली. "अहो मावशी, चौकट खाली घ्या. ती वर नाही करायची."

"का?"

"ऑपरेशन झाल्यावर कशी वर कराल? तेव्हा चष्मा डोळ्यांवर नसणार, डोळ्यांतच असणार."

बाईंनी चौकट खाली घेतली. कार्डावरच्या अक्षरांना लव फुटली होती. त्यांनी कार्ड आणखी जवळ घेतलं, तर अक्षरं पुरतीच गेली. मग लांब नेलं. अजून लांब. हात पूर्ण ताणला तेव्हा कुठे एक ओळ कशीबशी जुळली. हात ताणून, मान मागे टाकून, भुवया उंचावून आपण कसे दिसत असू, हे बाईंना आरशाशिवाय कळलं. हे सोंग त्या रोज सकाळी वर्तमानपत्रामागे बघत आल्या होत्या.

"म्हणजे मला चाळिशी लागणार?" त्यांनी विचारलं.

"लागलेली आहे की," मुलगी सहज म्हणाली. "चांगली चार-पाच वर्षं झाली असतील. तुम्ही चष्मा वर करता ना, म्हणून कळलं नाही इतकंच."

घरातला एकुलता एक अभिमान असा एका वाक्यात निकालात निघाला. बाईंनी कार्ड मांडीवर उपडं ठेवलं. मुलीलाच काहीतरी वाटलं असावं, ती डॉक्टरला बोलावून घेऊन आली.

डॉक्टरने सगळं ऐकलं, आणि आपलंच चुकलं, नीट विचारायला हवं होतं, असं सरळ म्हणाला. मग त्याने दोन्ही बाजू मांडल्या. बस दिसेल, रस्ता दिसेल, सकाळी उठल्याबरोबर घर दिसेल. पण ते अर्ध्या वितीवरचं बघणं जाईल, कायमचं जाईल. कामासाठी भिंग वापरता येईल, पुष्कळ जण वापरतात. "मी तुम्हाला डोळ्यांत घालायच्या लेन्स देतो," तो म्हणाला. "थोडे दिवस त्या घालून वावरा. ऑपरेशन झालंय असंच समजा. मग काय ते सांगा. तुमचा निर्णय आहे, बाई."

निर्णय! आयुष्यात बाईंनी निर्णय असे किती घेतले होते? कामावर जायचं ते जायचंच होतं, लेकीला शिकवायचं ते शिकवायचंच होतं. दमलेल्या माणसाला निर्णय नको असतो, त्याला कुणीतरी सांगितलेलं हवं असतं. घरी कुणी सांगेल म्हणावं, तर तिकडून उत्तर आलेलंच होतं.

*

लेन्स घालून बाई वावरू लागल्या, आणि पहिल्या दिवशी त्यांना वाटलं की आता मागे फिरणं नाही. नाक मोकळं. कान मोकळे. उकळत्या साच्यांवर त्या वाकल्या तर वाफ फक्त तोंडाला लागली आणि बरं वाटलं. संध्याकाळी बसस्टॉपवर त्यांनी आपली बस वळणावरच ओळखली, नंबरसकट, आणि कुणालाही काही न विचारता चढल्या. त्या दिवशीची लाज थोडी उतरली.

काम मात्र अडलं. मालकाने स्वतःचं जुनं भिंग दिलं, डोक्याला पट्ट्याने बांधायचं. त्यातून दिसत होतं, नाही असं नाही. दात रोवले जात होते. पण भिंगाच्या गोलाबाहेर मान वळवली की खोली होती, पूर्ण खोली, लख्ख. ढीग दिसायचा. घड्याळ दिसायचं. पॉलिशवाला जांभई देताना दिसायचा, आणि बाईंनी बघितलं हे त्यालाही दिसायचं.

"बाई, आता शटर नाही तुम्हाला," तो म्हणाला. "हाक मारायला आम्ही मोकळे!" आणि लोक मारायला लागले. बाई, हे बघा. बाई, तो वरचा जबडा कुठे? बाई, फोन. मालकही दारात घुटमळायचा थांबला, थेट टेबलाशी येऊन उभा राहू लागला. इतकी वर्षं आपण कामात बुडतो असं बाईंना वाटत होतं. खरं तर त्या तेवढ्या अर्ध्या वितीत जाऊन जरा टेकत होत्या. दिवसभरात टेकायची दुसरी जागाच नव्हती.

तरीही त्या ऑपरेशन करणारच होत्या. शेवटच्या स्टॉपवरचा तो बाक त्यांच्या मनातून जात नव्हता. भिंगाची सवय होईल, हाकांची होईल. आजवर कशाची झाली नाही?

घरात नवरा काही मोकळा होईना. तो चिडून बोलायचा असं नाही, नुसता तुटक झाला होता. एकदा दोघं बाजाराला निघाली. स्टॉपवर उभी होती, वळणावर लाल काहीतरी हललं, आणि नवऱ्याने नंबर सांगायला तोंड उघडलं. त्याआधीच बाई म्हणून गेल्या, "आपली नाही, मागची आहे." त्याने उघडलेलं तोंड मिटलं. बाजारात तो कांदे निवडत राहिला आणि बोलला ते फक्त कांदेवाल्याशी.

*

नवऱ्याच्या हातात लाकडाची बारीक फास गेली ती सुट्टीच्या दिवशी, उन्हं कलता कलता. स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा पाय डुगडुगत होता, नवरा तो ठोकायला बसला होता. "आई गं!" असा आवाज आला, आणि मागोमाग, इतक्या वर्षांच्या सवयीने, "बघ गं जरा, फास गेली हातात."

बाई शेजारी येऊन बसल्या. त्यांनी त्याचा हात धरून नाकाशी नेला. काही नाही, नुसतं धुकं. मागे नेला. हात दिसला, फास नाही. नवऱ्याने स्वतःचा हात ताणून, मान मागे टाकून पाहिलं. मग पुन्हा बाईंनी. तो एक तळवा दोघांच्या मध्ये पुढे-मागे, पुढे-मागे होत राहिला.

"दिसतेय?"

"नाही. तुम्हाला?"

"मला कधी दिसलीय?"

दोघांनाही हसू आलं. अगदी थोडं, पण त्या घरात बऱ्याच दिवसांनी. मग नवऱ्याचं हसू ओसरलं.

"मग आता आपल्या घरात जवळचं बघणार कोण?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता.

नवरा तळव्याकडे बघत बोलत राहिला, त्याला त्यात काही दिसत नव्हतं तरी. "राग मानू नकोस. तू ऑपरेशन करावंस असंच मला वाटतं. त्या दिवशी तुला त्या बाकावर बघून हसलो ना, ते गंमत वाटली म्हणून नाही. हसलो नसतो तर तुझ्यासमोर रडलो असतो. तेवढंच काय ते. पण तू विचारतेस ना, कुठली आली हो... दिवसभर मी बस चालवतो. उशीर झाला, शिव्या. ब्रेक लागला, शिव्या. गाडी थांबवली तरी शिव्या, नाही थांबवली तरी शिव्या. ते एक 'कुठली आली हो' एवढंच माझं असं काम होतं, ज्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. तू लेझर करणार म्हणालीस आणि मला वाटलं, चला, तेही गेलं. म्हणून तसं बोललो. तुझं तू बघ."

इतकं सलग तो लग्नानंतर कधी बोलल्याचं बाईंना आठवेना.

त्या उठल्या. मोरीपाशी जाऊन हात धुतले, आरशासमोर वाकून एक लेन्स काढली, मग दुसरी. आरसा गेला, मोरी गेली, खिडकीतलं ऊन नुसतं पिवळं होऊन पसरलं. भिंतीला हात लावत, ओळखीच्या कोपऱ्यांना वळत त्या परत आल्या. मेण कोरायची त्यांची बारीक टोकदार सळई फळीवर होती, ती चाचपडून घेतली आणि त्या खाली बसल्या.

"कुठे आहात?"

"इथे," नवरा म्हणाला, आणि त्याने हात पुढे केला.

बाईंनी तो अर्ध्या वितीवर आणला, आणि सगळं उघडलं. बोटांच्या मुळाशी स्टीअरिंगने पडलेले पिवळट घट्टे, त्यांच्या कडा उललेल्या. अंगठ्याखाली भाजल्याचा जुना पांढरा डाग. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला ताप आला तेव्हा चहा करायला गेला होता, त्याचा. तर्जनीचं नख वाकडंतिकडं कापलेलं, कारण नखं कापतानाही त्याला ती दिसत नव्हती, आणि हे त्याने सांगितलं नव्हतं. हा हात रोज ताटाशी दिसत होता, पण बाईंनी तो इतक्यात असा जवळून पाहिला नव्हता. शेकडो अनोळखी जबड्यांच्या हिरड्या त्यांनी या अंतरावरून पाहिल्या होत्या. त्यांना वाईट वाटलं, आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं.

फास घट्ट्याखाली तिरकी गेली होती, काळी, केसाएवढी. बाई सळईने कातडी हळूच बाजूला करू लागल्या.

"नाही करत मी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"लेझर. उद्या कळवते त्यांना."

"माझ्यामुळे नको हां. उगाच लेक मला बोलेल."

"तुमच्यामुळे कशाला? मला टेकायला जागा लागते. ती घालवून बसायची नाही मला."

नवऱ्याला ते कितपत कळलं कोण जाणे. तो म्हणाला, "आणि स्टॉपवर परत पडला तर?"

"दोरी बांधीन. दुसरा एक पिशवीत ठेवीन."

"तोही पडला तर?"

"तर तुम्हाला फोन करीन. या आणि न्या. पण हसायचं नाही."

"थोडं हसेन."

"थोडं चालेल," बाई म्हणाल्या.

त्या पुन्हा तळव्यावर वाकल्या. बाहेर कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं, ते या खोलीचं नव्हतं. नवऱ्याचा श्वास त्यांच्या कपाळाला लागत होता.

"निघाली का गं?" त्याने विचारलं.

फास केव्हाच निघाली होती. बाईंच्या अंगठ्याच्या नखावर ती स्पष्ट दिसत होती, एका टोकाला जरा दुभंगलेली. नवऱ्याला ती दिसणं शक्यच नव्हतं.

"नाही अजून," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तो हात आणखी थोडा जवळ घेतला. "हलू नका."